मनाची अवस्था आणि आपली गाणी : कधी काय ऐकावे?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही काही कार्यकर्ते मिळून वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका चालवतो. तिथे येणारा एक मुलगा भरतीच्या परीक्षेत दोन गुणांनी राहिला. त्यानंतर तो कोपऱ्यातल्या खुर्चीत कानात इअरफोन घालून बसू लागला. आम्हाला वाटले, गाणी ऐकतोय म्हणजे ठीक आहे, सावरेल. दीड महिन्याने त्याची आई विहारात आली आणि म्हणाली, "दादा, पोरगं बोलंनाच झालंय. जेवत नाही, रात्र रात्र नुसतं गाणी ऐकत पडतंय." आम्ही त्याच्याशी बोललो तेव्हा कळले की रोज रात्री तीच हरल्याची, एकटेपणाची गाणी चालू असत. एक संपले की मोबाईल आपोआप तसेच दुसरे लावत असे. ज्याला आम्ही विरंगुळा समजत होतो, त्यानेच त्याचे मन आणखी खोल खेचले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही एका प्रश्नाकडे गांभीर्याने पाहू लागलो. आपल्या चळवळीत गाण्याला केवढे मोठे स्थान आहे! जन्म, लग्न, जयंती, मोर्चा, महापरिनिर्वाण दिन, प्रत्येक प्रसंगाला आपल्याकडे गाणे आहे. मग आपल्या मनाच्या अवस्थेला कोणते गाणे द्यायचे, हे आपण कधी शिकतो का? या लेखात तेच समजून घेऊ.

गाणे मनावर काम कसे करते?

गाण्याचा परिणाम तीन वाटांनी होतो. पहिली वाट लयीची. शांत बसलेल्या निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडधडते. ६० ते ८० ठोक्यांची संथ लय ऐकताना श्वास हळूहळू लांबतो आणि शरीर सैलावते. १२० च्या पुढची लय पाय हलवायला लावते. हलगी किंवा ढोलकी वाजली की बसलेला माणूस उठतो, त्याचे कारण हेच.

दुसरी वाट आठवणीची. एखादे गाणे लागले की ते पहिल्यांदा ऐकले तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर ऐकलेले भीमगीत आणि अंत्ययात्रेत ऐकलेले भीमगीत, दोन्ही मोठी असतील, पण मनात दोन वेगळी दारे उघडतात. म्हणून 'दुःखात हे गाणे ऐका' अशी सर्वांसाठी एकच यादी करता येत नाही. ज्याची त्याने आपली यादी करायची असते.

तिसरी वाट शब्दांची. शब्द विचार पुरवतात. मनात आधीच 'माझे काही होणार नाही' हा विचार फिरत असेल आणि गाणेही तेच सांगत असेल, तर तो विचार अधिक पक्का होतो. दुःखी गाणे ऐकणे वाईट नसते. रडू मोकळे झाले, कोणीतरी आपले दुःख जाणते असे वाटले, तर ते गाणे औषध ठरते. पण ऐकल्यावर तेच तेच विचार पुन्हा गिरवले जात असतील, तर तिथे थांबायला हवे.

धम्म काय सांगतो?

काही जण विचारतात, 'बुद्धाने तर गाण्याला मनाई केली होती ना?' हे अर्धे खरे आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक त्या दिवसापुरते नाचगाण्यापासून दूर राहतात. भिक्षूंसाठी तो कायमचा नियम आहे. मात्र दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणा वाजवून गातो, तेव्हा त्याच्या तारांचा आणि गळ्याचा मेळ चांगला जमला आहे असे भगवान बुद्ध त्याला सांगतात. म्हणजे बुद्ध ऐकत होते आणि नीट ऐकत होते.

अंगुत्तर निकायातली सोणाची कथा तर आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. सोण हा लाडात वाढलेला श्रीमंत घरातला मुलगा. राजगृहाजवळ सीतवनात तो साधना करत होता. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन मुक्त होईना. तो घरी परतायचा विचार करू लागला. बुद्धांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हीला सोणाचे उत्तर 'नाही' असे होते. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे त्याच्या लक्षात आले.

संयुत्त निकायातले अग्गि सुत्त आणखी नेमके आहे. मन सुस्त, दबलेले असेल तेव्हा धम्मविचय, विरिय आणि पीति ही बोध्यंगे वाढवावीत. मन अस्वस्थ, भडकलेले असेल तेव्हा पस्सद्धि, समाधि आणि उपेक्खा वाढवावीत. सति, म्हणजे जागरूकता, मात्र सर्व वेळी उपयोगी. उदाहरण विस्तवाचे दिले आहे. विझत आलेल्या विस्तवावर ओले गवत टाकले तर तो पेटत नाही. धडाडलेल्या आगीवर वाळके गवत टाकले तर ती विझत नाही.

हे सुत्त गाण्यांविषयी सांगितलेले नाही, मनाविषयी आहे. पण गाणे निवडताना ते सरळ वापरता येते. आमच्या अभ्यासिकेतला मुलगा विझत आलेल्या विस्तवावर रोज रात्री ओले गवत टाकत होता.

आधी ओळखा, मग तिथूनच सुरुवात करा

संगीतोपचार करणारे लोक एक साधे तत्त्व पाळतात. मन जिथे आहे, तिथल्या गाण्यापासून सुरुवात करायची आणि गाणी हळूहळू बदलत मनाला जिथे न्यायचे तिथे न्यायचे. याला आयसो तत्त्व म्हणतात. खूप दुःखी माणसाला एकदम नाचाचे गाणे लावून दिले तर त्याला चीड येते. त्याच्याशी आधी त्याच्या सुरात बोलावे लागते.

म्हणून तीन पायऱ्या लक्षात ठेवा. पहिली, मोबाईल हातात घेण्याआधी एक मिनिट थांबा आणि मनाला नाव द्या : हा राग आहे, दुःख आहे, भीती आहे की नुसता थकवा? दुसरी, त्या अवस्थेशी जुळणारी एक-दोन गाणी ऐका. तिसरी, पुढची दोन-तीन गाणी थोडी पुढे नेणारी निवडा. चार-पाच गाण्यांची ही शिडी चांगल्या वेळी आधीच तयार करून ठेवा, कारण मन खचलेले असताना निवड करायची ताकद नसते. आणि आपोआप पुढचे गाणे लावण्याची सोय बंद करा. तुम्ही जे ऐकता त्यासारखेच आणखी पुढे करायचे, हे त्या यंत्रणेचे काम आहे. तुमची झोप झाली की नाही, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

दुःख असेल तेव्हा

घरात कोणी गेले असेल, तर पहिल्या दिवसांत वंदनेचा संथ, एका सुरातला पाठ अनेकांना आधार देतो. त्यात आश्चर्य, चढउतार, धक्का नसतो. श्वास आपोआप त्याच्या मागे जातो. शिवाय तो सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो, त्यामुळे दुःख एकट्याचे राहत नाही.

५ डिसेंबर १९५६ च्या संध्याकाळची आठवण बाबासाहेबांचे सहकारी नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरी थकलेल्या बाबासाहेबांनी रेडिओग्रामवर बुद्धगीतांची तबकडी लावायला सांगितली, स्वतःही सूर धरला आणि नंतर कबिराचे पद गुणगुणले. शरीर साथ देत नव्हते, हातात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम होते, आणि अशा वेळी त्यांनी शांत करणारे संगीत निवडले. ही निवड आपण समजून घेण्यासारखी आहे.

बायकांच्या ओव्याही दुःखाच्या वेळी जवळच्या वाटतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरसारख्या वस्त्यांतल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. दळणाचे कष्ट आणि मनातला सल, दोन्ही त्यांनी एकाच लयीत बसवले. आपल्या घरात एखादी आजी अजून ओवी गात असेल तर तिच्याजवळ बसा आणि ती रेकॉर्ड करून ठेवा. तिचेही मन मोकळे होईल, तुमचेही.

राग आला असेल तेव्हा

अत्याचाराची बातमी येते, भाड्याने खोली मागताना आडनाव विचारले जाते, मुलाखतीत टोमणा ऐकावा लागतो. हा राग खरा आहे, त्याला कारण आहे. तो दाबून टाका असे आम्ही सांगणार नाही. प्रश्न हा आहे की तो राग घेऊन जायचे कुठे?

आपल्या जलसाकारांना याचे उत्तर माहीत होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव जलसे करत. त्यांत चीड होती, चिमटे होते, हसू होते आणि शेवटी 'आता काय करायचे' हेही होते. राग, समज आणि कृती असा तो क्रम होता. वामनदादा कर्डकांच्या रचनांतही हा क्रम दिसतो. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा मुंबईत आल्यावर, मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे त्यांनी हजारो गीते रचली. त्यांच्या गाण्यात राग आहे, पण तो विचाराला सोडून पळत नाही.

आज चेन्नईचे 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हे पथक गाना आणि रॅप यांच्या मेळातून जातीवर बोलते, पंजाबची गिन्नी माही बाबासाहेबांवर गाते. भाषा वेगळी असली तरी ठेका कळतो. राग आला की असे गाणे जरूर ऐका. त्यानंतर लगेच मोबाईलवर भांडायला बसू नका. गाणे संपल्यावर दहा मिनिटे चाला, मग तक्रार, निवेदन, लेख, बैठक यांपैकी काय करायचे ते ठरवा. मिरवणुकीत मात्र एक पथ्य पाळावे. समोरच्या गल्लीला डिवचायला लावलेले गाणे आपला राग वाया घालवते आणि गुन्हा आपल्याच पोरांवर दाखल होतो.

अभ्यास, थकवा आणि झोप

अभ्यास करताना गाणी ऐकावीत का, हा आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. वाचताना आणि पाठ करताना मेंदू शब्दांवर काम करत असतो. कानात मराठी किंवा हिंदी शब्द पडत राहिले तर दोन्हींची गर्दी होते. त्यामुळे राज्यघटनेची कलमे वाचताना भीमगीत नको, मग ते कितीही आवडते असो. शेजारी फारच गलका असेल तर शब्द नसलेले वादन, बासरी किंवा सतार, हलक्या आवाजात चालेल. गणिताचा सराव, वह्या उतरवणे, खोली आवरणे अशा वेळी गाणी चालतात.

थकवा दोन प्रकारचा असतो. काम करून आलेल्या थकव्याला झोप हवी, गाणे नको. कंटाळ्यातून आलेल्या सुस्तीला मात्र ठेका हवा. सकाळी उठवत नाही, अभ्यासिकेत जावेसे वाटत नाही, तेव्हा प्रल्हाद शिंदे यांच्या खणखणीत आवाजातले गाणे लावून बघा. शिंदे घराण्यात आज तिसरी पिढी गाते आहे, त्यामुळे घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना काही ना काही सापडते. कडूबाई खरात एकतारीवर गातात, त्या आवाजात मोठा वाद्यवृंद नाही, तरी माणूस ताठ बसतो.

झोपण्याआधी उलटे करा. आवाज कमी, लय संथ, शब्द थोडे. अर्ध्या तासानंतर बंद होईल असा टायमर लावा. इअरफोन घालून झोपू नका.

आनंद आणि आवाज

१४ एप्रिलचा आनंद आम्हीही नाचून साजरा केला आहे. ज्यांच्या आजोबांना गावाच्या रस्त्यावरून वाजतगाजत जायची मुभा नव्हती, त्यांनी रस्त्यावर नाचणे याला इतिहास आहे. हे न समजता आपल्याला शिस्त शिकवायला येणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण घरातली गोष्ट घरात बोलायला हवी.

काही वर्षांपूर्वी आमच्याच मंडळाच्या मिरवणुकीत आवाजाच्या भिंतीजवळ नाचलेल्या दोन मुलांना तीन दिवस कानात शिट्टी ऐकू येत होती. त्याच गल्लीत एका आजीला दवाखान्यातून आदल्या दिवशी घरी आणले होते. तिची सून हात जोडून आली, तेव्हा तिचे बोलणेही आम्हाला ऐकू आले नाही.

आकडे समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ही मुदत आठवड्याला ४ तासांवर येते, तर १०० डेसिबलला सुमारे २० मिनिटांवर. आवाजाच्या भिंतीसमोर १०० चा आकडा गाठायला वेळ लागत नाही. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कायदाही स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार ठरवून देईल त्या दिवसांपुरती, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढते.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही एक ढोलकी, दोन हलग्या, एक हार्मोनियम आणि वस्तीतलीच गाणारी मंडळी घेतली. पोरे आधी नाराज झाली. पण त्या दिवशी गाण्याचे शब्द ऐकू आले, आणि शब्द ऐकू आले म्हणून बायका, म्हातारी माणसे दारातून रस्त्यावर आली. आनंदाच्या गाण्याचे काम माणसे जोडणे हेच ना?

प्रसंगाचे भानही याच विषयात येते. ६ डिसेंबर हा जयंतीचा दिवस नाही. चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गाडीत नाचाची गाणी लावणे म्हणजे सामूहिक मनाची अवस्था न ओळखणे.

गाणे पुरत नाही तेव्हा

ही गोष्ट जड आहे, पण टाळून चालणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. हजारोंना बळ देणाऱ्या गायकालाही आधाराची गरज असते, हे त्या घटनेने आपल्याला शिकवायला हवे होते. समाजाचे दुःख गाणारे आणि वाहणारे कार्यकर्ते आतून थकतात. त्यांना आपण टाळ्या देतो, पण 'कसा आहेस?' असे विचारत नाही.

म्हणून खुणा लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, बोलणे कमी झाले असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, 'माझा भार झालाय' असे शब्द तोंडी येत असतील, तर गाण्यांची यादी बाजूला ठेवा आणि माणसाजवळ जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. डॉक्टरकडे जाणे म्हणजे कमजोरी, हा समज आपल्या वस्तीतून आपणच काढायचा आहे.

आमच्या त्या मुलाला आम्ही तसेच नेले. दोघे जण आळीपाळीने सोबत जायचो. औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झाले. गाण्यांचे काम त्यानंतर आले. समुपदेशकांच्या सल्ल्याने त्याने स्वतःच यादी केली. त्यात त्याची जुनी दुःखाची दोन गाणी पहिल्या क्रमांकावर ठेवली, पुढे वामनदादा, आणि शेवटी शाळेच्या कवायतीत वाजायचे एक गाणे. का, तर त्या गाण्यावर तो लहानपणी पहिला आला होता. आम्हाला ते कधीच सुचले नसते. आता तो पुन्हा परीक्षेला बसला आहे, निकाल अजून लागायचा आहे. दर रविवारी विहारात तो ढोलकी धरतो.

आपण काय करू शकतो?

प्रत्येकाने आपली चार छोट्या याद्यांची वही करावी : दुःखाची, रागाची, सुस्तीची आणि झोपेची. प्रत्येक विहारात महिन्यातून एक संध्याकाळ गाण्याची असावी, जिथे मोबाईल बाजूला ठेवून सगळे मिळून गातील. गळा चांगला नसला तरी चालेल. वस्तीतल्या जुन्या गायकांची, ओव्या गाणाऱ्या आयांची गाणी नोंदवून ठेवावीत. आणि रोज थोडा वेळ काहीच न ऐकता बसावे. आनापान करताना आपल्या मनात काय चालले आहे ते ऐकू येते. ते ऐकू आले तरच कोणते गाणे लावायचे हे कळते.

पुढच्या वेळी कोपऱ्यात इअरफोन घालून बसलेला मित्र दिसला, तर जवळ जा आणि एवढेच विचारा, "काय ऐकतोयस? मलाही ऐकव." कदाचित त्याला गाण्याइतकीच या प्रश्नाचीही गरज असेल.

जयभीम. नमो बुद्धाय.